ग्रीन डे पंक, पॉप-पंक की नुसतेच रॉक?

मुलुंडकर

मार्च २०२५ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर झालेल्या लोलापलूझा महोत्सवात ग्रीन डे हा अमेरिकी बँड वाजवून गेला आणि तेव्हापासून आमच्या घरात एक वाद धुमसतो आहे. स्वतः गिटार वाजवणारा माझा भाचा म्हणतो की या बँडला पंक (सत्तरच्या दशकात आलेले वेगवान, साधे, बंडखोर रॉक) म्हणणे हे अज्ञानाचे लक्षण असून तो सरळसरळ पॉप-पंक (गुणगुणता येईल अशा चालींचे पंक) आहे. त्यातला 'पॉप' हा शब्द तो अशा स्वरात उच्चारतो की जणू कुणाला शिक्षाच सुनावतो आहे. माझ्या वयाचे एक स्नेही, ज्यांनी कॉलेजात असताना ग्रीन डेच्या 'डूकी' या अल्बमची कॅसेट अक्षरशः झिजवली, त्यांच्या मते ही दोन्ही नावे चूक आहेत, कारण त्या काळी सगळे जण या संगीताला 'ऑल्टरनेटिव्ह' (मुख्य प्रवाहाला पर्यायी रॉक) म्हणत आणि तेच योग्य होते.

मी थोडे वाचून पाहिले, तर गोंधळ वाढलाच. १९९४ च्या 'डूकी'ला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाले ते ऑल्टरनेटिव्ह विभागात, आणि २००४ च्या 'अमेरिकन इडियट'ला मिळाले ते सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचे. ग्रॅमीत पंक नावाचा विभागच नाही, त्यामुळे तिथून निवाडा होण्याची आशा नाही. शिवाय हा प्रश्न एकट्या ग्रीन डेचा नाही. ऑफस्प्रिंग, ब्लिंक-१८२, रॅन्सिड, माय केमिकल रोमान्स, फॉल आउट बॉय यांच्यापैकी कोणाचेही नाव काढले की तीन माणसे चार शिक्के घेऊन पुढे येतात.

माझी शंका अशी, की हे नाव नुसत्या कानाने ठरवता येते, की त्यासाठी बँड कुठून आला, कोणत्या कंपनीसाठी वाजवला, कोणाबरोबर राहिला हे माहीत असावे लागते? आणि बँडने मधेच वाट बदलली तर जुने नाव चिकटून राहते का? 'ज्याला जे आवडेल ते म्हणावे' हे उत्तर मला ठाऊक आहे. ते कृपया कोणी देऊ नये.

सहावी तार

मुलुंडकर, आपल्या भाच्याचा निष्कर्ष मला मान्य आहे, पण त्याचा स्वर मान्य नाही. पंकमध्ये पॉपची भेसळ नव्वदच्या दशकात झाली, असा जो सर्वसाधारण समज आहे, तो पहिल्याच पायरीवर कोसळतो. न्यूयॉर्कच्या रमोन्स या पंक बँडचा १९७६ चा पहिला अल्बम ऐकावा. चौदा गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात. गिटारवादक जॉनी रमोनचा उजवा हात जवळजवळ सतत वरून खालीच आघात करत राहतो, आणि सोलोला तिथे जागाच नाही. पण त्या भिंतीवर जोई रमोन जे गातो ते साठच्या दशकातील गर्ल ग्रुप्सच्या (मुलींच्या गायक-चमूंच्या) आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या सर्फ संगीताच्या वळणाचे, गुणगुणता येईल असे गाणे असते. पुढे १९८० मध्ये याच बँडने साठच्या दशकातील पॉप-निर्माते फिल स्पेक्टर यांच्याकडून अल्बम करून घेतला आणि त्यात रोनेट्स या गर्ल ग्रुपचे एक गाणेही गायले. इंग्लंडात बझकॉक्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या डेरीचे अंडरटोन्स हे बँड त्याच सुमारास राजकारणाऐवजी प्रेम, मत्सर आणि फजिती यांवर तीन-तीन मिनिटांची गाणी करत होते. तेव्हा पॉप-पंक हे पंकचे बिघडलेले अपत्य नसून त्याचे जुळे भावंड आहे, असे मी म्हणेन.

आता कानाने कसे ओळखावे, याविषयी. 'बास्केट केस' घ्या. सुरुवातीला केवळ आवाज आणि एक गिटार आहे; तीही उजव्या तळहाताची कड ब्रिजपाशी (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात त्या पट्टीपाशी) तारांवर टेकवून, नाद दाबून वाजवलेली. ऐकणाऱ्याला पुढे काय येणार याचा अंदाज असतो आणि तरीही त्याला थांबवून ठेवले जाते. मग तळहात उचलला जातो, ड्रम्स आणि बेस आत येतात, आणि तोवर कोंडलेली सगळी ताकद एकदम मोकळी होते. कॉर्ड्सची उतरती मांडणी पाकेलबेलच्या प्रसिद्ध 'कॅनन'शी इतकी मिळतीजुळती आहे की पियानो शिकणाऱ्या मुलालाही ती ओळखू यावी. हे सारे रचनेचे कसब झाले, आणि रचनेला एवढे महत्त्व देणे हीच पॉपची सवय आहे. याउलट हार्डकोर, म्हणजे आणखी वेगवान आणि कडक पंक, वाजवणारे मायनर थ्रेट किंवा सुरुवातीचे ब्लॅक फ्लॅग यांच्या गाण्यात कोणी कोणाला थांबवून ठेवत नाही. पहिल्या सेकंदापासून सगळे एकदम सुटलेले असतात.

दुसरी खूण ध्वनिमुद्रणाची. 'डूकी'चे निर्माते रॉब कव्हालो, आणि तिच्या मिक्सिंगमध्ये जेरी फिन या तंत्रज्ञाचा हात होता. याच फिनने १९९९ मध्ये ब्लिंक-१८२ च्या 'एनिमा ऑफ द स्टेट'ची निर्मिती केली. दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकल्यास गिटारचा जाड पण स्वच्छ थर, त्याच्या पुढे उभा केलेला आवाज आणि सुटा-सुटा ऐकू येणारा प्रत्येक ड्रम ही वैशिष्ट्ये सहज सापडतात. मेजवानीच्या ताटात कोशिंबिरीचा रस भाताला लागू नये इतकी ती काळजी आहे. खऱ्याखुऱ्या गॅरेजमधल्या पंकला ही निगराणी परवडणारीही नव्हती आणि नकोही होती.

ऑफस्प्रिंगबाबत मात्र माझा कान दोन उत्तरे देतो. १९९४ च्या 'स्मॅश'मध्ये 'सेल्फ एस्टीम'सारखे संथ, जड गाणे ग्रंजच्या (नव्वदच्या दशकातल्या जड, खरखरीत रॉकच्या) शेजारी बसते, आणि त्याच अल्बमवरील वेगवान गाणी बॅड रिलिजन या पंक बँडच्या परंपरेतली आहेत. तिथे अख्ख्या बँडला एक नाव देण्याचा अट्टहासच चुकीचा आहे.

फ्रीमॉन्टकर

सहावी तार यांचे विवेचन वाचनीय आहे, पण त्यांनी वादाचे मूळच बाजूला ठेवले आहे. ग्रीन डे पंक आहे की नाही, हा प्रश्न प्रथम ज्यांनी विचारला ते कॉर्ड्सबद्दल बोलतच नव्हते.

मी अनेक वर्षे सॅन फ्रान्सिस्को बे एरियात राहतो आणि बर्कलीच्या '९२४ गिलमन स्ट्रीट' या पंक क्लबमध्ये काही कार्यक्रम ऐकले आहेत. एका औद्योगिक वस्तीतली ती बैठी इमारत आहे. दारूबंदी, कोणत्याही वयाच्या मुलामुलींना प्रवेश, सभासदत्वाचे कार्ड, आणि दारावर तिकीट फाडणाऱ्यापासून आवाजाची यंत्रणा सांभाळणाऱ्यापर्यंत सगळे स्वयंसेवक. वंशद्वेष, स्त्रीद्वेष आणि मारामारी चालणार नाही, हे आत आल्याबरोबर कळेल अशा अक्षरांत लिहिलेले असते. १९८६ च्या अखेरीस हे ठिकाण सुरू झाले, त्यात 'मॅक्सिमम रॉकनरोल' या नियतकालिकाचे टिम योहानन यांचा मोठा वाटा होता. मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलेल्या बँडला इथे वाजवता येणार नाही, असा तिथला दंडक होता.

ग्रीन डे हे याच जागेत वाढलेले पोर. 'लुकआउट' या छोट्या स्थानिक कंपनीसाठी त्यांनी पहिले दोन अल्बम केले, १९९३ मध्ये वॉर्नरच्या 'रिप्राइज'शी करार केला, आणि गिलमनचे दार बंद झाले. १९९५ च्या 'इन्सोम्नियाक'मधले '८६' हे गाणे त्या बंद दाराविषयीच आहे. २०१५ मध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी ते पुन्हा तिथे वाजवू शकले, तोवर दोन दशके उलटून गेली होती.

आता सहावी तार यांना माझा एक साधा प्रश्न आहे. 'वेलकम टू पॅरडाइज' हे गाणे आधी लुकआउटच्या 'करप्लंक'वर आहे आणि तेच पुन्हा ध्वनिमुद्रित होऊन रिप्राइजच्या 'डूकी'वर आहे. वाजवणारे तेच तिघे, शब्द तेच, चाल तीच. गिलमनच्या लेखी पहिले पंक होते आणि दुसरे नव्हते. आपला कान यातला फरक सांगू शकेल काय? सांगू शकत नसेल, तर पंक हे नाव कशाचे आहे, हे आपण पुन्हा तपासावे, अशी विनंती आहे. माझ्या मते ते वागणुकीचे नाव आहे. म्हणूनच रॅन्सिड, ज्यांतले टिम आर्मस्ट्राँग आणि मॅट फ्रीमन हे दोघे गिलमनच्याच ऑपरेशन आयव्ही या बँडमधून आले होते, मोठ्या कंपन्या मागे लागलेल्या असतानाही १९९५ मध्ये 'एपिटाफ' या स्वतंत्र कंपनीकडेच राहिले, तेव्हा त्यांच्या गाण्यांतला स्का (जमैकाचा ठेका) किंवा त्यांचा खप कोणालाही खटकला नाही.

ख्यालप्रेमी

म्हणजे हे आपल्या घराण्यांसारखे झाले. गायकी बदलली तरी गंडा कोणाकडे बांधला, यावर नाव ठरते. असेच ना?

फ्रीमॉन्टकर

तसे नाही, ख्यालप्रेमी. घराण्यात तालीम पिढ्यान्‌पिढ्या हस्तांतरित होते आणि ती गळ्यातून ऐकू येते. गिलमनमध्ये कोणी कोणाला काही शिकवत नव्हते, आणि एकाच रात्री तिथे तीन परस्परविरोधी प्रकार वाजवणारे बँड असत. त्यांना जोडणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे त्या जागेचे नियम.

रेकॉर्डवाली

मी अनेक वर्षे कॅसेट आणि सीडीच्या दुकानात काम केले आहे, त्यामुळे नावे कुठे जन्मतात याकडे माझे लक्ष जरा वेगळ्या बाजूने जाते. आमच्याकडे 'रॉक' असा एकच कप्पा होता आणि त्यात ग्रीन डे हे गन्स एन' रोझेसच्या शेजारी, वर्णानुक्रमाने, गुण्यागोविंदाने नांदत. गिऱ्हाइकाने कधी तक्रार केली नाही. ग्रीन डेला पंक का म्हणत नाही, असे विचारणारा पहिला मुलगा दुकानात आला तो संगीतवाहिनी पाहून. सीडी हातात न घेता तो नुसते एवढेच विचारून गेला.

फ्रीमॉन्टकरांचा मुद्दा मला मान्य आहे, पण तो जेवढा वाटतो तेवढा सार्वत्रिक नाही. मोठ्या कंपनीशी करार केला म्हणजे पंक संपले, हा निकष १९७७ ला लावून पाहा. लंडनच्या द क्लॅश या बँडने त्या वर्षीच्या जानेवारीत सीबीएस या मोठ्या कंपनीशी करार केला, तेव्हा 'स्निफिन ग्लू' या फॅन्झिनच्या (चाहत्याने काढलेल्या मासिकाच्या) मार्क पेरी यांनी पंक त्याच दिवशी मेल्याचे जाहीर केले. तरी आज क्लॅशला पंक न म्हणणारा मनुष्य सापडणे कठीण. सेक्स पिस्टल्स तर आधी ईएमआय, मग ए अँड एम, मग व्हर्जिन अशा तीन दारांतून गेले. त्यांना बाहेर काढले तर पंकच्या इतिहासाचे पहिले प्रकरणच फाडावे लागेल. गिलमनचा दंडक हा ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकी हार्डकोरने, स्वतःच्या छोट्या कंपन्या, स्वतःचे दौरे आणि स्वतःची मासिके उभी केल्यानंतर, घालून घेतलेला नियम आहे. तो आदरणीय आहे, पण तो पंकच्या जन्माबरोबर आलेला नाही.

आणि नावे सहसा वाजवणारे ठेवत नाहीत. पंक रॉक हा शब्दप्रयोग रमोन्सच्या आधीचा. १९७१ च्या सुमारास 'क्रीम' मासिकातले समीक्षक साठच्या दशकातील गॅरेज बँडसाठी तो वापरत होते. पुढे रेडिओवाले पंक म्हटल्यावर दार लावून घेऊ लागले, तेव्हा रमोन्स आणि टॉकिंग हेड्स ज्यांच्याकडे होते त्या 'सायर' कंपनीच्या सीमोर स्टाइन यांनी 'न्यू वेव्ह' हे नाव पुढे रेटले. माल तोच, पाटी नवी. इमो, म्हणजे भावना उघडपणे मांडणारे पंक, या नावाची कथा तर याहून विचित्र आहे. १९८५ च्या आसपास वॉशिंग्टनमध्ये राइट्स ऑफ स्प्रिंग आणि एम्ब्रेस या 'डिस्कॉर्ड' कंपनीच्या बँडना ते नाव चिकटवले गेले आणि त्यांना ते मुळीच आवडले नाही. वीस वर्षांनी तेच नाव न्यू जर्सीच्या माय केमिकल रोमान्सला लागले आणि त्यांचे गायक जेरार्ड वे यांनीही ते जाहीरपणे झिडकारले. या सगळ्या बँडमध्ये समान काय, असे मला कोणी विचारले तर हार्डकोरचा दूरचा वारसा आणि नावाचा तिटकारा, एवढेच मी सांगू शकेन.

माय केमिकल रोमान्सचा २००६ चा 'द ब्लॅक परेड' ऐकताना तर मला इमो किंवा पंक यांपेक्षा क्वीन या नाटकी, भव्य रॉक बँडची आठवण अधिक होते. बँडवाल्यांचे गणवेश, थरावर थर चढवलेला समूहस्वर, मरणाऱ्या माणसाची सलग कथा, आणि एका गाण्यात चक्क गायिका-अभिनेत्री लायझा मिनेली यांचा आवाज! त्याचे निर्माते पुन्हा रॉब कव्हालोच. तरीही २००८ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने इमो म्हणजे आत्महत्येचा पंथ अशा सुरात लिहिले, तेव्हा लंडनमध्ये निषेधाला उतरले ते याच बँडचे चाहते. बँडने नाकारलेले नाव चाहत्यांनी असे अंगावर घेतलेले मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

सहावी तार

फ्रीमॉन्टकरांचे आव्हान स्वीकारून मी 'वेलकम टू पॅरडाइज'ची दोन्ही ध्वनिमुद्रणे हेडफोन लावून पुन्हा ऐकली. फरक ऐकू येतो आणि तो लहान नाही. 'करप्लंक'मध्ये सगळी वाद्ये एकाच खोलीत एकमेकांना खेटून उभी असल्यासारखी वाटतात. गिटार पातळ आणि किरकिरी आहे, आवाज तिच्यात अर्धा बुडालेला आहे. 'डूकी'त बेसला स्वतःचे वजन मिळाले आहे, त्यामुळे मधला केवळ वाद्यांचा तुकडा, जिथे तोच अंधारा आकृतिबंध पुन्हा पुन्हा येत फुगत जातो, तो अचानक धमकीसारखा वाटू लागतो. माझ्या कानाला दुसरे ध्वनिमुद्रण अधिक हिंस्र वाटते. मोठ्या कंपनीच्या पैशाने गाणे गुळगुळीत होते हा जो आरोप आहे, त्याच्या हे नेमके उलट आहे.

अर्थात यावरून फ्रीमॉन्टकर हरत नाहीत, हेही मी मान्य करतो. हा फरक ऐकून कोणी एकाला पंक आणि दुसऱ्याला अपंक ठरवू शकणार नाही. दोन्हीकडे चाल पॉप-पंकचीच आहे. माझे म्हणणे एवढेच, की 'पॉप-पंक' हे कानाचे नाव आहे आणि गिलमनच्या दारावरचे 'पंक' हे सभासदत्वाचे नाव आहे. एकाच बँडला एक लागू आणि दुसरे नाही, किंवा दोन्ही लागू, असे बिनविरोध होऊ शकते. 'करप्लंक'च्या वेळी ग्रीन डेला दोन्ही लागू होती. ब्लिंक-१८२ च्या बाबतीत हा पेच उद्भवलाच नाही, कारण ते सॅन डिएगोच्या बाजूचे. गिलमनचे सभासदत्व त्यांनी कधी मागितले नव्हते, म्हणून ते काढून घेण्याचाही प्रश्न नव्हता. त्यांना विश्वासघातकी म्हणणारे थोडे आणि पोरकट म्हणणारे फार, याचे कारण मला यातच दिसते.

मुलुंडकर

सर्वांचे आभार. रेकॉर्डवाली यांच्या प्रतिसादाने माझ्या स्नेह्यांचे समाधान झाले, कारण ऑल्टरनेटिव्ह हीही दुकानाचीच पाटी होती, हे त्यांनी मोठ्या मनाने कबूल केले. भाचा मात्र एका गोष्टीवर अडून आहे. 'अमेरिकन इडियट'मध्ये 'जीझस ऑफ सबर्बिया' हे नऊ मिनिटांचे पाच भागांचे गाणे आहे आणि त्या अल्बमचे २०१० मध्ये ब्रॉडवेवर संगीत नाटकही झाले. हे पॉप-पंकच्या व्याख्येत बसत नाही, तेव्हा २००४ नंतर बँडचे नाव बदलावे, असे तो आता म्हणतो. म्हणजे स्वतःचाच पहिला मुद्दा त्याने मोडीत काढला!

रेकॉर्डवाली

भाच्याला सांगा की नाव बँडला न देता अल्बमला द्यावे, म्हणजे बराच ताण हलका होईल. 'अमेरिकन इडियट' ही रॉक ऑपेरा (गाण्यांतून सलग कथा सांगणारा अल्बम) आहे आणि तिचे पूर्वज रमोन्स नसून द हू हा इंग्लिश रॉक बँड आहे. पण त्याच अल्बमचे शीर्षकगीत तीन मिनिटांच्या आत संपते आणि ते 'डूकी'वर ठेवले असते तरी कोणाला वेगळे वाटले नसते. क्लॅशच्या 'लंडन कॉलिंग'मध्येही रेगे, स्का, रॉकबिली असे सगळे आहे आणि त्या अल्बमला कोणते नाव द्यावे यावर आजवर एकमत नाही. विक्रीवर त्याचा परिणाम झाल्याचे ऐकिवात नाही.

फ्रीमॉन्टकर

अल्बमला नाव देण्याची सूचना दुकानाच्या दृष्टीने सोयीची आहे, पण ती मला पूर्ण पटत नाही. हस्कर डू या अमेरिकी बँडने १९८४ चा 'झेन आर्केड' केला तोही सलग कथा सांगणारा, दोन तबकड्यांचा अल्बम होता, त्यात पियानो होता, उलटे फिरवलेले ध्वनी होते, शेवटी जवळजवळ चौदा मिनिटांची वाद्यरचना होती, आणि तो 'एसएसटी' या हार्डकोरच्या बालेकिल्ल्यातून आला. त्याला कोणी पंकबाहेर काढले नाही. पुढे १९८६ मध्ये याच बँडने वॉर्नरकडे जाऊन तुलनेने साध्या, सुरेल गाण्यांचा अल्बम केला, तेव्हा भुवया उंचावल्या. सहावी तार यांनी या दोन अल्बमांवर कान लावून पाहावा. पॉप-पंकची मुळे शोधायला बझकॉक्सइतकीच ही जागाही बरी आहे, आणि भाच्यालाही तिथून सुरुवात करून द्यावी.